वाचक विचारतात : वर्गणी, टपाल आणि वऱ्हाडातले एक छोटे मासिक

वर्गणीच्या नूतनीकरणाची पत्रे येऊ लागली की त्यांच्यासोबत प्रश्नही येतात. लेख आणि कवितांवरील पत्रांना आपण या सदरात नेहमी उत्तरे देतोच. या वेळी मात्र मासिक चालते कसे, त्याचा पैसा कोठून येतो, अंक कोणाकोणाच्या हातांतून जातो आणि तो आपल्या दारी उशिरा का पोचतो, एवढ्यापुरतीच पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे न छापता गावे तेवढी दिली आहेत. ज्यांच्या तक्रारी वैयक्तिक होत्या त्यांना पोस्टकार्डाने स्वतंत्रपणे कळवले आहे.

प्रश्न : मासिक ‘ना नफा’ तत्त्वावर चालते असे आपण आतल्या पानावर छापता. मग दोन-तीन वर्षांनी वर्गणी का वाढते? त्यापेक्षा चार जाहिराती जास्त घ्याव्यात. (मूर्तिजापूर)

उत्तर : ना नफा म्हणजे फुकट नव्हे. वर्षाच्या शेवटी काही शिल्लक राहिलीच, तर ती कोणा मालकाच्या खिशात जात नाही, पुढच्या अंकांसाठीच वापरावी लागते, इतकाच त्याचा अर्थ आहे. आपली संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५०च्या कायद्याखाली नोंदलेली आहे, तिचे लेखापरीक्षण झालेले हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल होतात आणि विश्वस्तांपैकी कोणीही मानधन घेत नाही. कागद विकणारा, छापणारा आणि बांधणी करणारा मात्र विश्वस्त नसतो, त्याचे बिल बाजारभावानेच येते.

जाहिरातींचा आपला सल्ला अनेकांनी दिला आहे, म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो. जाहिराती मिळत नाहीत हे एक कारण आहेच, कारण तालुक्याच्या गावातला कृषी केंद्राचा किंवा सराफीचा दुकानदार फार तर दिवाळीला एक पान घेतो आणि तेही ओळखीपोटी. परंतु उद्या एखादा मोठा जाहिरातदार दारात उभा राहिला तरी आम्हांला त्याच्याकडून हवे तितके घेता येणार नाही. शिक्षण, वैद्यकीय मदत, गरिबांना साहाय्य यांसारख्या कामांखेरीज अन्य सार्वजनिक उपयोगाचे काम करणाऱ्या धर्मादाय संस्थेला आयकराच्या कायद्याने एक मर्यादा घालून दिली आहे. व्यापारी स्वरूपाच्या कामातून तिला होणारी प्राप्ती त्या वर्षीच्या एकूण प्राप्तीच्या वीस टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे, आणि ती त्यापुढे गेली की त्या वर्षापुरती करसवलत गेलीच. जाहिरातीचे उत्पन्न या व्यापारी खात्यात धरायचे की नाही, यावर बरीच वर्षे वाद होता. चंदीगडच्या ‘ट्रिब्यून’ या वृत्तपत्राच्या विश्वस्त संस्थेचे प्रकरण इतर अनेक संस्थांच्या प्रकरणांबरोबर सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि ऑक्टोबर २०२२च्या निकालात न्यायालयाने जाहिरातींचे काम हा व्यवसायच मानला. एवढ्या मोठ्या संस्थेला जो न्याय लागला तो आपल्याला लागणार नाही असे समजण्यात शहाणपण नाही, म्हणून आमचे सनदी लेखापाल दर तिमाहीला जाहिरातींचा आकडा मागतात आणि तो वाढताना दिसला की फोन करतात. असा फोन यावा इतकी भरभराट अद्याप झालेली नाही, ही गोष्ट वेगळी.

राहता राहिल्या देणग्या. आयकर कायद्याच्या ‘८०जी’ कलमाखाली देणगीदाराला मिळणाऱ्या सवलतीमुळे पूर्वी मार्च महिन्यात काही रकमा हमखास येत असत. आता पगारदार वर्ग मोठ्या संख्येने नव्या कररचनेकडे वळला आहे आणि त्या रचनेत देणगीदाराला ही वजावट मिळत नाही, त्यामुळे सवलतीसाठी देणारे कमी झाले आणि मासिकावरच्या लोभाने देणारे तेवढे उरले. त्यांचे आभार मानूनही हे सांगायला हवे की देणगीचा भरवसा धरून पुढच्या वर्षाचा कागद उचलता येत नाही, तो वर्गणीच्या भरवशावरच उचलता येतो.

प्रश्न : दरमहा बारीकसा अंक काढण्यापेक्षा तीन महिन्यांनी एक भरगच्च अंक काढावा. आपलेही कष्ट वाचतील आणि आम्हांलाही संग्राह्य अंक मिळेल. (कारंजा)

उत्तर : संपादकीय दृष्टीने पाहिले तर आपली सूचना आम्हांला मनापासून पटते. लेख मुरायला वेळ मिळतो, मुद्रितशोधन नीट होते आणि घाई टळते. मात्र मासिक त्रैमासिक झाले तर ते टपालाने पाठवणे परवडणार नाही.

नोंदणीकृत वृत्तपत्राला टपालखाते जी सवलत देते तिचा पाया १८९८च्या टपाल कायद्यात घातला गेला. त्या कायद्याने दोन मुख्य अटी लावल्या. प्रकाशन दोन अंकांत एकतीस दिवसांहून अधिक अंतर न पडता निघाले पाहिजे आणि त्याच्याजवळ खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी पाहिजे. या अटी पाळल्या म्हणून शंभर ग्रॅमपर्यंतचा अंक पन्नास पैशांत गावोगाव पोचत आला. तोच अंक साध्या पत्राच्या दराने, म्हणजे दर वीस ग्रॅमला पाच रुपये या हिशेबाने पाकिटात घालून पाठवला, तर पंचवीस रुपयांची तिकिटे लागतात. बारा महिन्यांचा फरक आपणच काढून पाहावा. वर्षाच्या वर्गणीतला बराच मोठा भाग केवळ तिकिटांवर जाईल.

एकतीस दिवसांच्या या एका आकड्यापोटी आपल्या मासिकाचे सगळे वेळापत्रक ठरलेले आहे. दिवाळी अंकाच्या धावपळीनंतर सर्वांनाच एक महिना विश्रांती हवीशी वाटते, आणि पुष्कळ नियतकालिके त्या सुमारास जोडअंक काढतात, परंतु आम्ही जोडअंकाची वाट शक्य तितकी टाळतो. वर्गणीदारांची यादी हा जसा जमाखर्चाचा कागद आहे तसाच तो या सवलतीचाही आधार आहे. कोणी वर्गणी थकवतो तेव्हा त्याची रक्कम तर येत नाहीच, शिवाय यादीतले एक नाव कमी होते.

प्रश्न : निदान दोन पाने वाढवा आणि त्यांत शब्दकोडे द्या. (मेहकर)

उत्तर : दोन पाने वाढवता येत नाहीत. अंक फॉर्म्याने छापला जातो आणि एक फॉर्मा सोळा पानांचा असतो. आपला अंक चार फॉर्म्यांचा, म्हणजे चौसष्ट पानांचा, डेमी आकाराचा आहे. साडेआठ बाय साडेपाच इंचांच्या या पानांना सत्तर जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला सत्तर ग्रॅम भरणारा, कागद वापरला की आतील पानांचे वजन सुमारे अडुसष्ट ग्रॅम होते आणि मुखपृष्ठाचा जाड कागद आणखी दहा ग्रॅमची भर घालतो. पाचवा फॉर्मा जोडला तर सतरा ग्रॅम वाढतात आणि वेष्टनासह अंक शंभर ग्रॅमला टेकतो. तो शंभराच्या पुढे गेला तरीही टपालखर्चात पडणारा फरक वीस पैशांचाच आहे, त्यामुळे पाने न वाढवण्याचे खापर टपालावर फोडता येणार नाही. खरी अडचण मुद्रितशोधनाची आहे. आमच्याकडे प्रत्येक पान तीन वेळा वाचले जाते आणि वाचणाऱ्या दोन्ही व्यक्ती निवृत्त शिक्षिका असून त्या हे काम विनामूल्य करतात. वाढीव सोळा पाने तीनदा वाचायची म्हणजे त्यांच्यावर अठ्ठेचाळीस पानांचा भार, आणि तो शब्दकोड्यासाठी टाकण्यास संपादक मंडळ तयार नाही. चालू पानांतूनच जागा काढून उन्हाळ्याच्या सुट्टीच्या अंकात एक कोडे द्यावे, असा विचार मात्र आहे.

प्रश्न : आम्हांला अंक कधी दहा तारखेला मिळतो, कधी वीस तारखेला, तर कधी मिळतच नाही. शेजारच्या गावी मात्र वेळेवर जातो. आपण अंक टाकता तरी केव्हा? (पुसद तालुका)

उत्तर : अंक ठरलेल्या तारखेला ठरलेल्या टपाल कचेरीतूनच टाकावा लागतो, त्यामुळे आमच्या सोयीने मागेपुढे करण्याची मुभा नाही. अंक टाकण्याचा दिवस कसा जातो ते सांगितले तर विलंब नेमका कोठे होतो हे आपल्या ध्यानात येईल.

छापखान्यातून गठ्ठे सकाळी मालवाहू रिक्षाने येतात. कार्यालय म्हणजे वाचनालयाच्या मागची एक खोली. तेथे सतरंजी अंथरून पाच-सहा जण बसतात. त्यांत दोन महाविद्यालयीन विद्यार्थी, एक निवृत्त पोस्टमास्तर, मुद्रितशोधन करणाऱ्या दोघींपैकी एक आणि सवड असेल तर संपादक असतात. प्रत्येक अंकाची उभी घडी घालायची, त्याभोवती तपकिरी कागदाची पट्टी गुंडाळायची, पत्त्याची चिठ्ठी चिकटवायची आणि तो पिन कोडप्रमाणे ढिगात टाकायचा, असे हे काम आहे. सर्वांत मोठा ढीग ४४४ चा असतो, कारण अकोला, अमरावती आणि वाशीम या आकड्यांखाली येतात. त्याच्या शेजारी बुलडाण्याचा ४४३ चा आणि यवतमाळचा ४४५ चा ढीग, आणि मग नोकरीधंद्यासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या वऱ्हाडकरांचे ४११ आणि ४०० चे ढीग लागतात. पिन कोड नसलेले किंवा चुकीचे अंक निवृत्त पोस्टमास्तरांच्या पुढ्यात सरकवले जातात. त्यांना जिल्ह्यातील बहुतेक टपाल कचेऱ्या तोंडपाठ आहेत, तरी ‘मु. पो. पिंपळगाव’ एवढाच पत्ता लिहिलेला असेल तर तेही हात टेकतात. पिंपळगाव, बोरगाव, वडगाव या नावांची गावे वऱ्हाडात किती आहेत हे आपणांस सांगायला नको. दुपारनंतर सुतळीने गठ्ठे बांधून ते पोत्यांतून टपाल कचेरीत जातात.

पुढे रेल्वे मेल सेवेच्या कार्यालयात छाटणी होते, तेथून मुख्य कचेरी, मग उपकचेरी आणि शेवटी गावातली शाखा कचेरी असा प्रवास असतो. ग्रामीण डाकसेवकाकडे एकाहून अधिक गावे असतात. मनीऑर्डर, बचत खात्याची कामे आणि पार्सले यांतून त्याला साध्या टपालासाठी जो वेळ उरेल त्यात आपला अंक बसवावा लागतो. साध्या टपालाची पोच मिळत नाही, त्यामुळे अंक कोठे अडकला हे शोधण्याची सोय आमच्याकडे नाही. शेजारच्या गावी वेळेवर आणि आपल्याकडे उशिरा, असे घडण्यामागे बहुधा शाखा कचेरी वेगळी असणे हेच कारण असते. पंचवीस तारखेपर्यंत अंक न मिळाल्यास एक पोस्टकार्ड टाकावे किंवा फोन करावा. शिल्लक प्रत असेल तर दुसरी पाठवतो. वर्षाअखेरीस एकदम सहा अंकांची तक्रार करू नये, कारण तोवर जुने अंक संपलेले असतात.

प्रश्न : मार्चच्या अंकातील कथेत संवाद ‘मले’, ‘तुले’, ‘जाऊन राह्यला’ असे छापले आहेत. पुण्यात वाढलेल्या माझ्या मुलांना ते कळत नाहीत. संपादकांनी भाषा शुद्ध करून छापावी. (पुणे)

प्रश्न : माझ्या लेखातले ‘कायले’ काढून ‘कशाला’ घातले. वऱ्हाडच्या मासिकाला वऱ्हाडीची लाज का वाटावी? (दर्यापूर)

उत्तर : ही दोन्ही पत्रे एकाच आठवड्यात आली म्हणून एकत्र छापली आहेत. पुण्याच्या वाचकांची विनंती मान्य करता येणार नाही. पात्राच्या तोंडची भाषा आम्ही बदलत नाही आणि तिला अशुद्धही म्हणत नाही. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली केलेल्या आणि १९७२ साली भर घालून अठरापर्यंत नेलेल्या लेखननियमांतही बोलण्यातल्या ‘असं’, ‘केलं’ यांसारख्या उच्चारानुसारी रूपांना जागा दिलेली आहे. ज्या भूमीत रिद्धपूर आहे आणि जेथे तेराव्या शतकात महानुभावांनी आपले मराठी गद्य सिद्ध केले, तेथील बोलीला कंसात अर्थ देऊन समजावत बसणे आम्हांला प्रशस्त वाटत नाही. मुलांना चार पाने मोठ्याने वाचून दाखवावीत, पाचव्या पानापासून त्यांना अडणार नाही.

दर्यापूरच्या लेखकांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. त्यांचा लेख कापसाच्या पतपुरवठ्यावरील माहितीपर लेख होता. माहितीपर लेख प्रमाण लेखनात छापावेत असे संपादक मंडळाचे धोरण आहे आणि त्या लेखातील ‘कायले’ निवेदनाच्या ओघात एकटेच आले होते. लेख संपूर्ण वऱ्हाडीत असता तर तसाच छापला असता, आणि असा लेख कोणी पाठवावा अशी आमची इच्छाही आहे. अट एवढीच की लेखकाने आपले लेखन आधी स्वतःशी जुळवून घ्यावे. एका पानावर ‘राह्यला’, दुसऱ्यावर ‘राहेला’ आणि तिसऱ्यावर ‘राहिला’ असे आले की तो लेखकाचा हेतू आहे की हात चुकला आहे, हे मुद्रितशोधकाला कसे कळावे? प्रमाण भाषेसाठी कोश आणि नियम हाताशी असतात. बोलीतल्या मजकुराला लेखक हाच कोश असतो, आणि तो अनेकदा फोन उचलत नाही.

प्रश्न : गेल्या अंकात ‘वऱ्हाड’ हा शब्द एके ठिकाणी ‘वर्हाड’ असा छापलेला पाहून वाईट वाटले. आपल्याच प्रदेशाचे नाव! (अचलपूर)

उत्तर : आम्हांलाही वाटले. कारण थोडे तांत्रिक आहे. बहुतेक लेखक आता भ्रमणध्वनीवर किंवा संगणकावर युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत मजकूर टंकित करून पाठवतात. आमच्या अक्षरजुळणीकाराचा संगणक जुना असून तो पेजमेकरवर पाने लावतो आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही. म्हणून आलेला मजकूर रूपांतर करून श्रीलिपीच्या जुन्या अक्षरसंचात आणावा लागतो. आता, ‘ऱ्ह’ मधला हा आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात, परंतु आमच्या रूपांतरकाला त्यांतला एकच ओळखता येतो आणि दुसरा आला की तो र ला उचलून ह च्या डोक्यावर रफार म्हणून बसवतो. ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ या सर्वांची हीच गत होते. अशा शब्दांचा शोध आता पाने लावण्यापूर्वीच घेतला जातो. नवीन संगणक आणि पाने लावण्याची नवी प्रणाली हा अर्थातच कायमचा उपाय आहे आणि त्यासाठी निधी बाजूला काढणे सुरू केले आहे.

प्रश्न : कथा पाठवून चार महिने झाले. स्वीकार नाही, नकारही नाही. मानधन देता का, हेही कळवावे. (वाशीम)

उत्तर : ललित साहित्य तीन जण वाचतात आणि वाचताना लेखकाचे नाव झाकलेले असते. गाव छोटे असल्यामुळे ही काळजी घ्यावी लागते, कारण नाव दिसले की नाते, जात आणि गेल्या निवडणुकीत कोण कोणाकडे होता, हे सर्व आपोआप दिसू लागते. तिघांपैकी दोघांचा कौल आला की निर्णय होतो. विलंब होतो तो तिघेही आपापला पोटापाण्याचा उद्योग सांभाळून वाचत असल्यामुळे. खरिपाच्या पेरणीच्या दिवसांत आणि शाळांच्या परीक्षांच्या काळात काम थांबतेच. चार महिन्यांत कळवले नाही तर कथा अन्यत्र पाठवण्यास लेखक मोकळा आहे, फक्त तसे आम्हांला कळवावे. मानधन देतो, ते अल्प आहे आणि सर्वांना सारखे आहे. नामवंतांना वेगळा दर नाही. काही लेखक ते वर्गणीत वळते करून घेतात, ज्याचा आम्हांला आनंद असला तरी तशी अपेक्षा मुळीच नाही.

प्रश्न : ‘लेखकांच्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही’ हे वाक्य प्रत्येक अंकात कशाला? (अकोट)

उत्तर : ते रिवाजाने छापले जाते. त्या वाक्यामुळे संपादकाची कायदेशीर जबाबदारी संपत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे.

प्रश्न : जुने सगळे अंक संगणकावर चढवून सर्वांना विनामूल्य का उपलब्ध करून देत नाही? (बंगळुरू)

उत्तर : अंक आमचे असले तरी त्यांतील लेख आमचे नाहीत. नियतकालिकात नोकरीस असलेल्याने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराची गोष्ट निराळी, परंतु बाहेरच्या लेखकाने छापण्यासाठी दिलेल्या लेखाचा स्वामित्वहक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७च्या कायद्याप्रमाणे त्याच्याचकडे राहतो आणि त्याच्या निधनानंतर साठ वर्षे वारसांकडे असतो. तेव्हा प्रत्येकाची परवानगी मिळवणे आले. विद्यार्थी ते काम करीत आहेत. पत्ते सापडत नाहीत ही मुख्य अडचण आहे. आपल्या माहितीत जुन्या लेखकांचे कुटुंबीय असल्यास कळवावे. दरम्यान, प्रत्येक अंकाची प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना पाठवण्याचे बंधन १९५४च्या, आणि १९५६ साली नियतकालिकांनाही लागू झालेल्या, कायद्याने घातले आहे, त्यामुळे संशोधकांनी तेथेही चौकशी करून पाहावी.

प्रश्न : माझे वडील आजीव वर्गणीदार होते. गेल्या वर्षी ते गेले. अंक अजून त्यांच्या नावाने येतो. ही वर्गणी आमच्याकडे चालू राहते का? (खामगाव)

उत्तर : आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आजीव वर्गणीची रक्कम मुदत ठेवीत ठेवून तिच्या व्याजातून अंक पाठवायचा, अशी ही योजना होती. ठेवींचे व्याजदर उतरले आणि कागद महागला तेव्हा ते व्याज अपुरे पडू लागले, म्हणून नवीन आजीव वर्गणीदार घेणे आम्ही बंद केले. जुन्यांना दिलेला शब्द मात्र पाळला जातो. नियमाप्रमाणे ही वर्गणी व्यक्तीपुरती आहे, वारसाकडे जात नाही. तरीही घरातले कोणी अंक वाचत असेल तर वर्षभर तो पूर्वीप्रमाणेच पाठवावा आणि त्यानंतर त्या व्यक्तीने साधी वार्षिक वर्गणी भरावी, असा निर्णय विश्वस्तांनी घेतला आहे. वाचणारे कोणी नसेल तर तसेही निःसंकोच कळवावे. ती प्रत आम्ही एखाद्या ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे शासनमान्यांतील सर्वांत लहान वर्गाच्या, ग्रंथालयाला सुरू करून देतो, कारण त्यांचे शासकीय अनुदान हप्त्याने येते आणि नियतकालिकांच्या वर्गणीला कात्री सर्वांत आधी लागते. कळवताना वेष्टनावरील चिठ्ठीत नावाच्या वर छापलेला वर्गणी क्रमांक आणि पिन कोड अवश्य लिहावा.